गाणं नेमक्या क्षणी कसं सुटायचं: जुन्या डिस्क जॉकींची कामाची पद्धत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर दर शनिवारी तासाभराचा थेट कार्यक्रम करायचाय, १९५०-६०च्या दशकातल्या अमेरिकन आणि ब्रिटिश डिस्क जॉकींच्या धाटणीचा. खऱ्या रेकॉर्ड, दोन जुनी टर्नटेबलं, एक माइक, कॉम्प्युटर नाही. तालमीत तीन ठिकाणी घोळ होतोय. गाणं सुरू होताना ‘उंऽऽ’ असा सूर चढत येतो. निवेदकाचं बोलणं संपायच्या आतच गायक सुरू होतो. आणि तास कधी दीड मिनिट आधीच आटपतो, कधी बातम्यांवर चढतो. डीजे लोक वापरतात तसली डायरेक्ट ड्राइव्ह (थाळी थेट मोटरवरच बसवलेली) टर्नटेबलं घेतली तर हे सुटेल का, ॲलन फ्रीड वगैरे अमेरिकन डिस्क जॉकींकडे असं काय होतं, ब्रिटनजवळ समुद्रात जहाजांवरून चालणाऱ्या स्टेशनांचं कसं होतं, आणि आपले अमीन सयानीही असंच करायचे ना, असं तुम्ही विचारलंय.

डायरेक्ट ड्राइव्हने पहिली तक्रार निम्मी मिटेल. बाकीच्या दोन जशाच्या तशा राहतील. फ्रीडकडे डायरेक्ट ड्राइव्ह नव्हतंच, ती यंत्रं बाजारात यायला १९७० साल उजाडलं. त्याच्यासारख्यांकडे होती जड थाळीची, रबरी चाकावर फिरणारी टर्नटेबलं, प्रत्येक इनपुटला ‘क्यू’ची, म्हणजे प्रसारणात न जाता आधी ऐकून बघण्याची सोय असलेला कन्सोल (आवाज मिसळायचं टेबल) आणि समोर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ. ब्रॉडकास्टची टर्नटेबलं दुरुस्त करणं आणि ती चालवायला शिकवणं हे माझं काम आहे. त्यावरून सांगतो, तुमची अडचण यंत्रात कमी आणि न मोजलेल्या सेकंदांत जास्त आहे. ती माणसं तोंडाला येईल ते बोलतायत असं वाटायचं, कारण बोलायला किती जागा आहे हे त्यांना आधीच ठाऊक असायचं.

अर्थात पुढचं बरंचसं तुमच्याकडे काय आहे यावर अवलंबून आहे. टर्नटेबल पट्ट्यावर चालतं की रबरी चाकावर? रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या आहेत, ४५च्या की ३३⅓च्या, म्हणजे एलपी? कन्सोलला क्यू आहे का? हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जिथे उत्तर बदलतं तिथे तसं सांगत जातो. गाण्यांच्या हक्कांचं काय ते मात्र तुमच्या स्टेशनच्या परवान्याप्रमाणे आधी मार्गी लावा.

थोडी मागची हकिगत सांगतो, कारण ही पद्धत तिच्यातूनच आली. लंडनमध्ये ७ जुलै १९२७ला ख्रिस्तोफर स्टोन यांनी बीबीसीवर रेकॉर्ड लावून मधे गप्पा मारल्यासारखं निवेदन केलं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या केएफडब्ल्यूबीवर अल जार्व्हिस आणि १९३५पासून न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यूवर मार्टिन ब्लॉक यांनी ‘काल्पनिक बॉलरूम’ची, म्हणजे रेकॉर्ड लावून नाचघरातून थेट वाद्यवृंद वाजतोय असा भास करण्याची कल्पना चालवली. ब्लॉकला संधी मिळाली ती वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरण खटल्याच्या बातम्यांमुळे. बातमीपत्रांच्या मधली रिकामी वेळ भरायची होती आणि स्टेशनकडे रेकॉर्डच नव्हत्या, म्हणून त्याने दुकानातून विकत आणल्या. आपल्या कामाचा मुद्दा हा की डिस्क जॉकी जन्मालाच आला तो दोन बातमीपत्रांमधली मोकळी जागा भरण्यासाठी. जागेची लांबी दुसरं कोणीतरी ठरवणार, आपण ती काट्यावर भरायची. तेव्हा रेकॉर्डवर ‘रेडिओवर वाजवण्याची परवानगी नाही’ असंही छापलेलं असे. विकत घेतलेली रेकॉर्ड स्टेशन वाजवू शकतं हे १९४०मध्ये तिथल्या अपिली न्यायालयाने मान्य केलं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

पॉप रेडिओचा म्हणून जो ढंग तुमच्या मनात आहे तो मात्र युद्धानंतरचा. १९४८मध्ये एलपी आली, १९४९मध्ये आरसीए कंपनीची ४५. त्याच सुमारास मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयएवर नॅट विल्यम्स आणि ऑस्टिनच्या केव्हीईटीवर ‘डॉ. हेपकॅट’ ऊर्फ लव्हाडा डर्स्ट हे कृष्णवर्णीय निवेदक आपल्या वस्तीच्या बोलीत, यमकं जुळवत बोलू लागले. पुढे जॉको हेंडरसनने यमकांचं हे बोलणं फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कमध्ये कळसाला नेलं. फ्रीडने १९५१मध्ये क्लीव्हलँडच्या डब्ल्यूजेडब्ल्यूवर रात्रीचा ऱ्हिदम अँड ब्लूजचा कार्यक्रम सुरू केला. गाणं चालू असताना माइक उघडा ठेवून तो टेलिफोन डिरेक्टरीवर हाताने ठेका धरायचा. तुमच्या निवेदकाला हे करून बघायचं असेल तर खुशाल करू द्या, फक्त डिरेक्टरीखाली जाड कापड घाला. त्याशिवाय तो ठेका टेबलातून थेट सुईपर्यंत जाईल.

आता पहिली तक्रार. सूर चढत येतो कारण थाळी पूर्ण वेगाला पोचायच्या आधीच सुई गाण्यावर आलेली असते. याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही तेव्हा वापरात होते.

एक म्हणजे मागे फिरवून ठेवणं. फेडर (त्या डेकचा, म्हणजे टर्नटेबलचा आवाज कमीजास्त करणारं बटण) क्यूवर टाका. गेट्ससारख्या जुन्या कन्सोलवर गोल बटण डावीकडे शेवटपर्यंत फिरवून ‘टक्’ केलं की आवाज प्रसारणात न जाता छोट्या क्यू स्पीकरवर येई. सुई सुरुवातीच्या रिकाम्या खाचेत ठेवा, मोटर बंद, थाळी हाताने हळूहळू पुढे फिरवा. पहिला आवाज लागला की थांबा, जरा मागेपुढे करून त्याची कडा नेमकी पकडा आणि मग तबकडी ठरलेल्या अंशाने उलटी फिरवून ठेवा. किती, हे अंदाजपंचे ठरवू नका. ७८ची एक फेरी ०.७७ सेकंदात होते, ४५ची १.३३ सेकंदांत आणि ३३⅓ची १.८ सेकंदांत. थाळी शून्यापासून सारख्या गतीने वेग घेते असं धरलं तर वेग पकडण्याच्या काळात ती पूर्ण वेगाने कापली असती त्याच्या निम्मं अंतर कापते. म्हणजे वेग पकडायला एक सेकंद घेणाऱ्या टर्नटेबलवर ४५ची रेकॉर्ड साधारण ०.३८ फेरी मागे हवी, एलपी ०.२८ फेरी, ७८ ०.६५ फेरी. त्यात जरा सैल हात ठेवा. ‘एलपी पाव फेरी, ४५ अर्धी फेरी’ असं जुनी मंडळी सांगत ते याच हिशेबातून.

तुमचं टर्नटेबल किती वेळ घेतं हे काढायला पियानोचा एक लांब सूर असलेली कुठलीही रेकॉर्ड घ्या. सुरावर सुई ठेवून मोटर सुरू करा आणि सूर स्थिर होईपर्यंतची वेळ स्टॉपवॉचवर मोजा. चार-पाचदा मोजून सर्वांत जास्त वेळ धरा, सरासरी नको. थंड यंत्र पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत जास्त वेळ घेतं, त्यामुळे कार्यक्रमाआधी अर्धा तास मोटर चालू ठेवा.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. थाळी सतत फिरती ठेवायची आणि तबकडी धरून ठेवायची. थाळीवरची रबरी चटई काढून पातळ, गुळगुळीत फेल्टची चकती घाला. गाण्याची कडा पकडून तबकडी जेमतेम अष्टमांश फेरी मागे घ्या, एका बोटाने हलकेच अडवून धरा आणि इशारा झाला की सोडा. थाळी पूर्ण वेगात असतेच, त्यामुळे सूर चढत येत नाही. बोट तबकडीच्या कडेला ठेवा, दाब वरून नको बाजूने हवा. सोडताना ढकलण्याचा मोह होतो तो आवरा, कारण ढकललं की पहिला ठोका घाईत येतो आणि सुई उडू शकते. कोरड्या हवेत फेल्ट स्थिर विजेने तबकडीला चिकटतं. ओलसर फडक्याने ते आधी पुसलं की काम भागतं.

यात अट एकच, मोटरमध्ये दम हवा. रबरी चाकाचं किंवा डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल हे सहज सोसतं. घरगुती पट्ट्याच्या टर्नटेबलवर तबकडी धरली की थाळीच मंदावते, आणि उलटं फिरवून पट्टाही सैल होतो. तुमची यंत्रं पट्ट्याची असतील तरच बदलायचा विचार करा.

इथेच एक सापळा आहे, आपल्याकडे फार जण त्यात अडकतात. अमेरिकेतून आलेल्या जुन्या टर्नटेबलची सिंक्रोनस मोटर (विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी) तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी असते. आपल्या ५० हर्ट्झवर ती सहापैकी पाचच भाग वेग देते, म्हणजे ४५च्या जागी ३७.५. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, वेग जुळत नाही. त्यासाठी मोटरवरची पुली बदलावी लागते. वेग तपासायला थाळीवर ठेवायची पट्ट्यांची चकतीसुद्धा ५० हर्ट्झचीच हवी; वेग बरोबर असला की दिव्याच्या उजेडात तिच्या पट्ट्या स्थिर दिसतात. ३३⅓साठी तिच्यावर १८० पट्ट्या असतात, अमेरिकन चकतीवर २१६. अमेरिकन चकतीवर भरवसा ठेवलात तर चुकीचा वेग बरोबर दिसेल. आणि ती एलईडी दिव्याखाली बघू नका, चोकवाल्या ट्यूबलाइटखाली किंवा निऑन दिव्याखाली बघा.

सुईबद्दलही सांगायला हवं, कारण मागेपुढे फिरवण्याची किंमत रेकॉर्ड मोजते. एकाच रेकॉर्डची सुरुवात पुन्हा पुन्हा घासली की पहिल्या दोन-तीन सेकंदांत कायमची खरखर बसते. अमेरिकन ४५पैकी बऱ्याच पॉलिस्टायरिनच्या होत्या, त्या फार लवकर खराब होतात. व्हिनाइलच्या तग धरतात. क्यू करायला गोल टोकाची सुई वापरा, लंबगोल नको, आणि वजन ३ ग्रॅमच्या आसपास ठेवा. मोनो ४५ला २५ मायक्रॉनची किंवा स्टिरिओची १८ मायक्रॉनची गोल सुई चालते, ७८ला ७५ मायक्रॉनचीच लागते. एलपीची सुई ७८वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८ची सुई ४५वर लावलीत तर रेकॉर्ड गेलीच म्हणून समजा. १९५०च्या दशकात अमेरिकन स्टेशनांत जीई कंपनीचं एक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) फार चाले, वरची घुंडी फिरवली की जाड सुईच्या जागी बारीक सुई येई. आपल्याकडे ही काळजी अंमळ जास्तच घ्यावी लागते. बीटल्सची सुरुवातीची गाणीसुद्धा भारतात ७८च्या तबकड्यांवर निघाली होती, त्यामुळे जुन्या बाजारातून उचललेली ‘साठच्या दशकातली पॉप रेकॉर्ड’ हमखास ४५ची असेल असं समजू नका.

४५च्या मोठ्या भोकात बसणारी चकती सैल असेल तर तबकडी मध्यावर बसत नाही आणि प्रत्येक फेरीला सूर हेलकावतो. हा हेलकावा पुष्कळदा मोटरचा दोष समजला जातो.

दुसरी तक्रार म्हणजे गायकावर बोलणं. यावर उपाय रेकॉर्डच्या पाकिटावर असतो. प्रत्येक गाणं एकदा स्टॉपवॉच घेऊन ऐका आणि तीनच गोष्टी लिहा: मुखड्याआधीचं म्युझिक किती सेकंद, एकूण लांबी किती आणि शेवट कसा. ‘१४ / २:३१ / फेड’ म्हणजे चौदा सेकंदांनी गायक येतो, गाणं दोन मिनिटं एकतीस सेकंदांचं आहे आणि हळूहळू विरत संपतं. एकदम तुटणाऱ्या शेवटाला ‘कट’ लिहा. सुरुवातीच्या म्युझिकमध्ये मधेच ड्रमचा मोठा ठोका किंवा ब्रासची झेप असेल तर तीही लिहा, उदाहरणार्थ ‘६, १४’. ठोक्याआधी थांबायचं की ठोक्यावरून पुढे जायचं हे निवेदक ठरवील, पण तो ठोका येणार हे त्याला माहीत हवं.

लेबलवर छापलेल्या लांबीवर विसंबू नका. तिच्यात चुका असतात आणि कधी मुद्दाम लबाडीही असते. १९६४च्या अखेरीस फिल स्पेक्टरने रायचस ब्रदर्सचं ‘यू हॅव लॉस्ट दॅट लव्हिन फीलिंग’ काढलं, तेव्हा पावणेचार मिनिटांच्या गाण्याच्या लेबलवर ३:०५ छापलं होतं. लांब गाणी स्टेशनं टाळत, म्हणून ही युक्ती. लेबल बघून बातम्यांआधी ते लावणाऱ्याची पंचाईत ठरलेली.

आता चौदा सेकंदांत काय बोलायचं? सहज लयीत बोलताना मराठीत सेकंदाला दोन शब्दांच्या आसपास बसतात. म्हणजे जास्तीत जास्त अठ्ठावीस. तुम्ही बावीस-चोवीसच लिहा. वाक्यांची रचना अशी करा की मधलं एक वाक्य गाळलं तरी अर्थ तुटू नये, आणि गायकाचं किंवा गाण्याचं नाव सगळ्यांत शेवटी यावं. दहाव्या सेकंदाला लक्षात आलं की उशीर होतोय, तर मधलं वाक्य सोडून थेट नावावर उडी मारता येते. नाव संपणं आणि गायकाचा पहिला शब्द यांत अर्धा सेकंद ठेवा. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसीवरचा डॅन इंग्रॅम यात उस्ताद मानला जातो. त्याच्या जुन्या ध्वनिफिती ऐका, विनोद कानावर येतील तसे येऊ द्या, पण लक्ष शेवटच्या दोन सेकंदांकडे ठेवा. जॉको हेंडरसनच्या यमकांचाही एक फायदा होता असं माझं मत आहे. छंदातली ओळ दर वेळी जवळपास तेवढाच वेळ घेते. तुमच्या निवेदकाला ओवीच्या किंवा कटावाच्या चालीवर बोलायला जमत असेल तर अवश्य करून बघा, इंग्रजी ढंगाची नक्कल करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

बोलताना म्युझिक किती खाली? व्हीयू मीटरवर (आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर) निवेदकाचा आवाज शून्याच्या जवळ खेळत असेल तर म्युझिक उणे १० ते १२वर ठेवा आणि शेवटच्या शब्दासोबत फेडर वर न्या. सगळ्याच गाण्यांवर बोलायचं नसतं. सुरुवात हीच ज्या गाण्याची ओळख आहे ते मोकळं सोडा, आणि त्याआधीच्या गाण्याच्या विरत्या शेवटावर बोला.

तिसरी तक्रार तासाची. तास शेवटाकडून मागे मोजत आणायचा असतो. समजा दहाच्या बातम्या दहाच्या ठोक्याला आहेत. त्याआधी स्टेशनचं नाव आणि वेळ, ८ सेकंद, म्हणजे ९:५९:५२. त्याआधी जिंगल ७ सेकंद, म्हणजे ९:५९:४५. त्याआधी शेवटचं गाणं, शक्यतो बिनशब्दांचं, २:३८चं. ते ९:५७:०७ला सुरू व्हायलाच हवं. मग निवेदक बोलत असो वा नसो, ९:५७:०७ला फेडर बंद ठेवून तबकडी सोडून द्यायची. तो ९:५७:४०ला बोलायचा थांबला की फेडर हळू वर न्यायचा. श्रोत्याला गाणं तेहतीस सेकंद पुढे गेलेलं ऐकू येतं, पण संपतं ते अचूक ९:५९:४५ला. बिनशब्दांचं अशासाठी की मधूनच उघडलं तरी कोणाला खटकत नाही. या एका सवयीने तुमचा दीड मिनिटाचा घोळ पुढच्याच आठवड्यात मिटेल. कार्यक्रमाच्या कागदावर प्रत्येक बाबीसमोर सुरू होण्याची घड्याळी वेळ लिहा आणि निवेदकासमोर सेकंदकाटा सलग सरकणारं मोठं घड्याळ लावा. फोनवरचं घड्याळ नको, स्क्रीन नेमकी त्या वेळी काळी पडते.

हा काटेकोरपणा पुढे सक्तीचा झाला तो टॉप फोर्टीमुळे. ओमाहाच्या केओडब्ल्यूएचचे टॉड स्टॉर्झ आणि डॅलसच्या केएलआयएफचे गॉर्डन मॅकलेंडन यांनी १९५०च्या दशकात ठरावीक गाण्यांची यादी, तीच गाणी वरचेवर, दर थोड्या वेळाने स्टेशनचं नाव, जिंगल आणि वेळ असा साचा बसवला. गाणं कोणतं आणि कधी हे जॉकीच्या हातून हळूहळू जात होतंच. १९५९-६०मध्ये गाणी वाजवण्यासाठी पैसे घेण्याच्या प्रकरणाची अमेरिकन काँग्रेसपुढे सुनावणी झाली आणि निवड बहुतेक ठिकाणी संगीत विभागाकडे गेली. फ्रीडची कारकीर्द त्यातच संपली. मला विचाराल तर तुमच्या कार्यक्रमात निवड निवेदकाकडेच असू द्या, साचा मात्र स्टॉर्झचा घ्या.

जिंगल आणि जाहिरातींसाठी १९५९पासून टेप कार्ट्रिज आले. न संपणारी टेप, सेकंदाला साडेसात इंच वेग, सुरुवातीच्या जागी १ किलोहर्ट्झची खूण, ती आली की यंत्र आपोआप थांबतं आणि बटण दाबताच जवळपास लगेच सुरू होतं. असं यंत्र कुठे मिळालं तर दोन गोष्टी पाळा. भरण्याआधी टेप चुंबकाने पूर्ण पुसा, कारण बऱ्याच यंत्रांत पुसणारं हेड नसतं. आणि टेपचा जोड आधी शोधून त्याच्या पुढे ध्वनिमुद्रण सुरू करा, नाहीतर जोडावर आवाज क्षणभर बुडतो. यंत्र नाही मिळालं तर जिंगल निवेदकालाच गायला लावा. सात सेकंद कोणालाही जमतात.

समुद्रातल्या स्टेशनांबद्दल तुम्ही विचारलंय, तर रेडिओ कॅरोलाइन १९६४च्या ईस्टरला सुरू झालं आणि रेडिओ लंडन त्याच डिसेंबरात. निवेदकाने स्वतःच डेक चालवण्याची अमेरिकन रीत त्यांनी ब्रिटिश श्रोत्यांना ऐकवली. तोवर बीबीसीत बोलणारा वेगळा आणि तबकडी लावणारा वेगळा. (अमेरिकेतही सगळीकडे तसं नव्हतं. शिकागोत वादकांच्या युनियनचा माणूसच तबकडी फिरवायचा.) जहाज हेलकावे खाऊ लागलं की सुई उडायची. तुमच्याकडे लाकडी फरशीवरून कोणी चाललं तरी तेच होईल. टोनआर्मवर (सुई धरणाऱ्या दांड्यावर) नाणं चिकटवायचा जुना तोडगा ऐकिवात असेलच, पण त्याने खाच झिजते. टर्नटेबल जड फरशीच्या तुकड्यावर आणि त्याखाली रबराचे ठोकळे ठेवले की पुरे. १९६७च्या ऑगस्टमध्ये या जहाजांवर काम करणं ब्रिटिश कायद्याने बेकायदा ठरवलं. ३० सप्टेंबरला सकाळी सात वाजता बीबीसी रेडिओ वन सुरू झालं, आणि त्याचा पहिला डिस्क जॉकी होता कॅरोलाइन आणि लंडन दोन्हींवर काम केलेला टोनी ब्लॅकबर्न.

अमीन सयानींची पद्धत मात्र वेगळी होती. बिनाका गीतमाला ३ डिसेंबर १९५२ला रेडिओ सिलोनवर सुरू झाली ती आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली होती त्या काळात. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. म्हणजे चुकलं तर पुन्हा घेता येई. त्यांच्याकडून शिकायचं ते गाण्याआधी उत्सुकता कशी वाढवायची हे, तबकडी कशी सोडायची हे नव्हे. कोलंबोत स्टुडिओत बसून रेकॉर्ड लावणारे गोपाल शर्मांसारखे निवेदक तुमच्या प्रयोगाच्या जास्त जवळचे.

आवाज जुना वाटावा म्हणून काय करायचं, तर एवढंच. माइकला थोडा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी ठेवणारं यंत्र) लावा आणि तोच कॉम्प्रेसर गाण्यावरही असू द्या, म्हणजे बोलणं थांबलं की गाणं आपोआप उसळून वर येईल. १९६०च्या दशकात स्टेशनं आवाजाची पातळी सांभाळायला सीबीएसचं ऑडिमॅक्स हे यंत्र वापरत. डब्ल्यूएबीसीवर शिवाय प्रतिध्वनीची छटा असे. एएमचा आभास हवा असेल तर ५ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, पण ते जिंगलपुरतंच करा. तासभर तसं ऐकून कान किटतात.

काही बारीक गोष्टी राहिल्या. माइक उघडताच स्टुडिओतला स्पीकर बंद झाला पाहिजे. कन्सोलमध्ये ती सोय नसेल तर फक्त हेडफोनवर काम करा. क्यूचा स्पीकर माइकपासून लांब ठेवा, नाहीतर पुढचं गाणं शोधतानाची कुईकुई प्रसारणात जाईल. गाणं चुकीच्या वेगावर सुरू झालं तर चालत्या गाण्यात वेग बदलू नका. फेडर बंद करा, वेळ सांगा, तोवर सहकाऱ्याने दुसऱ्या डेकवरचं गाणं सोडायचं. म्हणून दुसऱ्या डेकवर नेहमी काहीतरी क्यू करून तयार असलं पाहिजे, गाणं सुरू होताच पहिलं काम तेच.

तालमीचा क्रम असा ठेवा. आधी वेग तपासा, मग वेग पकडायचा वेळ मोजा. सगळ्या रेकॉर्डवर तीन आकडे लिहा. निवेदकाला आधी नुसतं चौदा सेकंदांत बोलायला लावा, डेक दुसऱ्याने सांभाळावा. शेवटची दहा मिनिटं उलट्या हिशेबाने दोन-तीनदा करून बघा, मग पूर्ण तास. पहिले काही शनिवार फक्त ४५ वापरा. सुई आणि वेग बदलायची दगदग त्यात नसते, आणि ७८साठी वेगळं कार्ट्रिज मिळालं की ती तिसऱ्या डेकवर आणता येईल. टर्नटेबलचा मेक आणि मोटरवरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते कळवा, म्हणजे पुली बदलावी लागेल का ते सांगतो.